पदवीच्या पहिल्या वर्षाचे अर्थशास्त्र : प्रस्तावना

पदवीच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र घेणारा विद्यार्थी मागणीचा नियम सहसा चुकत नाही. किंमत वाढली की मागणी घटते हे त्याला अकरावी-बारावीपासून ठाऊक असते, व्याख्या पाठ असते आणि डावीकडून उजवीकडे उतरत जाणारा वक्रही काढता येतो. तो अडतो पुढच्या पायरीवर. अवकाळी पावसाने टोमॅटोचे पीक बुडाले तर मागणीचा वक्र सरकेल की पुरवठ्याचा, एवढेच विचारले तरी उत्तरे फाकतात. कित्येक जण दोन्ही वक्र सरकवून मोकळे होतात. नियम माहीत असणे आणि तो वापरता येणे यांतले हे अंतर पहिल्या वर्षाच्या निकालात गुणांच्या रूपाने दिसते. ते का पडते आणि कसे कमी करता येते, याचा विचार येथे मुख्यतः महाराष्ट्रातील कला आणि वाणिज्य शाखांचे वर्ग समोर ठेवून केला आहे.

या वर्गांत दोन तऱ्हेचे विद्यार्थी एकत्र येतात. एका गटाने बारावीला उपयोगिता विश्लेषण, मागणीची लवचिकता, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न ही प्रकरणे पूर्ण केलेली असतात. दुसरा गट विज्ञान शाखेतून किंवा एखाद्या व्यावसायिक अभ्यासक्रमातून आलेला असतो आणि त्याच्यासाठी हा विषय सर्वस्वी नवा असतो. वरवर पाहता पहिल्या गटाला आघाडी मिळायला हवी, आणि सुरुवातीचे काही आठवडे ती मिळतेही. पण प्रकरणांची नावे ओळखीची असल्याने विषय येतो असे या गटाला वाटू लागते. हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. तासाला बसण्याची गरज वाटत नाही, वहीत आकृती उतरवली की काम झाले असे वाटते, आणि सत्राच्या शेवटी गणिती उदाहरण किंवा अनोळखी प्रसंगावरचा प्रश्न समोर आला की पहिला धक्का बसतो. नव्याने आलेला विद्यार्थी निदान आपल्याला येत नाही हे जाणून असतो.

मूळ अडचण सवयीची आहे. शालेय परीक्षांनी अर्थशास्त्राचे उत्तर लिहिण्याचा एक साचा घालून दिला आहे: प्रास्ताविक, व्याख्या, गृहीतके, तक्ता, आकृती, स्पष्टीकरण, अपवाद, टीका. हा क्रम मुळात वाईट नाही. अर्थशास्त्रीय युक्तिवाद बराचसा असाच चालतो. गृहीतके आधी मांडायची, त्यांतून निष्कर्ष काढायचा, मग गृहीतके बदलली तर काय होईल ते तपासायचे. मात्र विद्यार्थी हा क्रम युक्तिवाद म्हणून शिकत नाही, तो पाठांतराचा तक्ता म्हणून शिकतो. त्यामुळे घटत्या सीमान्त उपयोगितेच्या सिद्धांताची सहा गृहीतके लिहिणाऱ्याला त्यांतले एक काढून टाकले तर निष्कर्षाचे काय होते, हे सांगता येत नाही. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द प्रत्येक उत्तरपत्रिकेत असतात. त्या इतर परिस्थितीत उत्पन्न, आवडीनिवडी, पर्यायी वस्तूंच्या किमती असे नेमके काय मोडते, आणि ते कायम राहिले नाही तर वक्राचे काय करायचे, हे थोड्यांनाच सांगता येते.

संकल्पना ऐकून माहीत असणे पुरेसे नसते, याचा एक चटका लावणारा पुरावा खुद्द व्यावसायिक अर्थतज्ज्ञांकडूनच मिळाला आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी १९९ जणांना संधी खर्चावरचा एक साधा प्रश्न विचारला. एरिक क्लॅप्टनच्या कार्यक्रमाचे तिकीट फुकट मिळाले आहे, ते विकता येत नाही. त्याच संध्याकाळी बॉब डिलनचा कार्यक्रम आहे. त्याचे तिकीट ४० डॉलरला आहे आणि त्यासाठी ५० डॉलरपर्यंत मोजण्याची तयारी आहे. क्लॅप्टनच्या कार्यक्रमाला जाण्याचा संधी खर्च किती? डिलनला न गेल्याने ५० डॉलरचे समाधान जाते आणि ४० डॉलर वाचतात, म्हणून उत्तर १० डॉलर. चार पर्यायांतून हे उत्तर निवडणारे २१.६ टक्केच निघाले. डोळे मिटून खूण केली असती तरी सुमारे २५ टक्के बरोबर आले असते. प्रश्नाच्या शब्दरचनेवर पुढे वाद झाला, तरी मुद्दा उरतोच. ‘सोडून दिलेल्या सर्वोत्तम पर्यायाचे मूल्य’ ही व्याख्या सर्वांना येत होती, ती आकड्यांना लावण्याचा सराव मात्र नव्हता. जाणत्यांची ही गत असेल, तर एका तासात ती व्याख्या ऐकून अठरा वर्षांच्या मुलाने ती वापरावी ही अपेक्षाच चुकीची आहे. प्रत्येक मूलभूत संकल्पना निदान चार-पाच वेगवेगळ्या प्रसंगांत हाताळल्याशिवाय ती आपली होत नाही.

सगळ्याच प्रकरणांत विद्यार्थी सारखेच अडतात असे नाही. ठेचा लागण्याच्या जागा थोड्या आणि ठरलेल्या आहेत. त्यांतली पहिली म्हणजे वक्रावरची हालचाल आणि वक्राचे सरकणे यांतला फरक. पाठ्यपुस्तकांच्या परिभाषेत एकीकडे मागणीतील विस्तार-संकोच आणि दुसरीकडे वृद्धी-ऱ्हास. व्याख्या वाचून हा फरक कळत नाही, कारण व्याख्येत दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी निवांत उभ्या असतात. प्रत्यक्ष बाजारात त्या एकामागून एक घडतात. त्यासाठी कांद्याइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि शुल्क यांच्या अटींसह. या बंदीची आकृती काढा, असे वर्गाला सांगितले तर दोन उत्तरे येतात. काही जण म्हणतात, परदेशी ग्राहक गेले म्हणून मागणीचा वक्र डावीकडे सरकला. इतर म्हणतात, बाहेर जाणारा माल देशातच राहिला म्हणून पुरवठ्याचा वक्र उजवीकडे सरकला. दोन्ही बरोबर आहेत, फक्त आकृत्या वेगळ्या बाजारांच्या आहेत. लासलगावच्या लिलावात उभे राहून एकूण मागणी मोजली तर पहिली आकृती. मुंबई-दिल्लीच्या ग्राहकासाठी उपलब्ध असलेला माल मोजला तर दुसरी. चूक होते ती एकाच आकृतीत दोन्ही वक्र सरकवण्यात, कारण मग एकच घटना दोनदा मोजली जाते. आकृतीला हात घालण्याआधी ‘हा बाजार कोणाचा, यातले खरेदीदार कोण आणि विक्रेते कोण’ हे एका ओळीत लिहिण्याची सवय लागली तर पहिल्या सत्रातल्या निम्म्या चुका तिथेच थांबतील.

हेच उदाहरण पुढे नेता येते. भाव पडल्यावर देशातला ग्राहक जास्त कांदा घेतो, तो मागणीचा विस्तार. वक्र जागचा हलत नाही. पडलेल्या भावाकडे पाहून पुढच्या हंगामात शेतकरी लागवड कमी करतो, तेव्हा पुरवठ्यावर परिणाम होतो, पण तो काही महिन्यांनी. काळ हा घटक आकृतीत दिसत नाही म्हणून विद्यार्थी तो विसरतो. आणि निर्यातबंदी योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळाच आहे: कोणाचे किती नुकसान झाले हे विश्लेषण सांगते, कोणाच्या नुकसानीला किती वजन द्यायचे हे ते सांगत नाही. नाशिक जिल्ह्यातून आलेल्या मुलांच्या वर्गात या प्रश्नावर आवाज चढतात. शिक्षकाने ते दाबू नयेत. वास्तव सांगणारे विधान कोणते आणि मूल्य सांगणारे कोणते, हे वेगळे करायला शिकवण्याची तीच वेळ असते.

लवचिकतेच्या बाबतीत सूत्र पाठ असते आणि अर्थ निसटतो. समजा, एका बाजारात १०० क्विंटल माल आला आणि क्विंटलला २,००० रुपये भाव मिळाला. एकूण २,००,००० रुपये आले. पुढच्या वर्षी पीक चांगले आले, १२० क्विंटल माल आला आणि भाव १,४०० रुपयांवर आला. आता एकूण १,६८,००० रुपये हाती येतात. भाव ३० टक्क्यांनी पडला आणि खप २० टक्क्यांनीच वाढला, म्हणजे मागणीची लवचिकता एकापेक्षा कमी, सुमारे ०.६७. पीक वाढले आणि सगळ्या शेतकऱ्यांचे मिळून उत्पन्न १६ टक्क्यांनी घटले. यानंतर लगेच दुसरा प्रश्न विचारावा: फक्त एकाच शेतकऱ्याचे पीक २० टक्क्यांनी वाढले असते तर? त्याच्या एकट्याच्या मालाने भाव हलला नसता आणि त्याचे उत्पन्न वाढले असते. एकासाठी जे खरे ते सर्वांसाठी खरे नसते, ही अर्थशास्त्रातली फार मोठी गोष्ट या दोन गणितांतून जितकी पटते तितकी पानभर स्पष्टीकरणातून पटत नाही.

दुसरी ठेच सरासरी आणि सीमान्त यांच्या संबंधात लागते. सीमान्त खर्चाचा वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूवर छेदतो, हे विधान विद्यार्थी लिहितात, पण आकृती काढताना छेद भलतीकडेच पडतो. क्रिकेटमधल्या फलंदाजाची सरासरी येथे फार उपयोगी ठरते. चार डावांत १६० धावा, सरासरी ४०. पाचव्या डावात १० धावा केल्या तर सरासरी ३४ वर येते. सहाव्या डावात २२ धावा केल्या, म्हणजे आधीच्या डावापेक्षा जास्त. तरी सरासरी घसरून ३२ होते. सीमान्त आकडा वाढत असतानाही तो सरासरीच्या खाली आहे तोवर सरासरी खालीच जाते, आणि सरासरी वळायची असेल तर सीमान्ताने तिला गाठून वर जावे लागते. हे एकदा आकड्यांत पाहिल्यावर छेदबिंदूची जागा पाठ करावी लागत नाही.

तिसरी ठेच टक्केवारीची, आणि ती स्थूल अर्थशास्त्रात जास्त जाणवते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. ही घट पाव टक्का-बिंदूची. मूळ दराच्या प्रमाणात पाहिली तर सुमारे ३.८ टक्क्यांची. दोन्ही विधाने बरोबर, पण एकाच्या जागी दुसरे लिहिले की उत्तर चुकते. तसेच भाववाढीचे. निर्देशांक १०० वरून १०६ वर गेला आणि पुढच्या वर्षी ११०.२४ वर, तर भाववाढीचा दर ६ वरून ४ टक्क्यांवर आला. वस्तू मात्र स्वस्त झाल्या नाहीत, महागच झाल्या, फक्त जरा सावकाश. ‘महागाई कमी झाली’ हे वृत्तपत्रातले शीर्षक वाचून भाव उतरले असे समजणारा विद्यार्थी चलनविषयक धोरणाचे सगळे प्रकरण चुकीच्या पायावर वाचतो.

या तिन्ही ठेचांच्या मुळाशी गणित आहे, पण फार अवघड गणित नाही. चार्ल्स बॅलार्ड आणि मारियान जॉन्सन यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रास्ताविक अर्थशास्त्रातल्या यशाशी विद्यार्थ्यांच्या अगदी प्राथमिक गणिती कौशल्याचा घट्ट संबंध आढळला. महाराष्ट्रात कला शाखेतल्या आणि वाणिज्य शाखेतल्याही अनेकांचे गणित दहावीनंतर सुटलेले असते. त्यांना पहिल्या सत्रासाठी कलन शिकण्याची गरज नसते. अपूर्णांक, गुणोत्तर, टक्केवारी, सरळ रेषेचे समीकरण, उतार, दोन समीकरणांची उकल आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ, एवढी तयारी पुरते. त्रिकोणाचे क्षेत्रफळ आले नाही तर ग्राहकाचे संतोषाधिक्य मोजता येत नाही; उतार कळला नाही तर समवृत्ती वक्र नुसते चित्र राहते. आणखी एक गुंता परंपरेने घातलेला आहे. आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथापासून अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर आणि नग आडव्या अक्षावर दाखवण्याची पद्धत रूढ झाली. शाळेत स्वतंत्र चल आडव्या अक्षावर घ्यायला शिकलेल्या मुलाला मागणी किमतीवर अवलंबून असूनही आकृती उलटी का, हे कोणी सांगतच नाही. पहिल्याच आठवड्यात पाच मिनिटे देऊन ते सांगितले तर पुढची बरीच घालमेल वाचते. बहुतेक महाविद्यालयांत अशा गणिताची उजळणी सत्राच्या आरंभी दोन-तीन तासांत बसवता येते. ती न करता थेट लवचिकतेवर जाणे म्हणजे मागे पडलेल्यांना पहिल्याच महिन्यात सोडून देणे होय.

आता अभ्यासाच्या पद्धतीकडे वळता येईल. सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे नोट्स किंवा गाईड पुन्हा पुन्हा वाचणे आणि महत्त्वाच्या ओळी रंगवणे. ती सोपी वाटते, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा होतो आणि ओळख म्हणजेच आकलन असे वाटू लागते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर सांगता आला, दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणाऱ्याला आपली पद्धत योग्य का वाटते आणि पुढच्या सत्रात त्यातले काहीच का उरत नाही, या दोन्हींचे उत्तर या आकड्यांत आहे. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांवर पसरवणे या दोनच पद्धती त्यांनी सर्वांत उपयुक्त ठरवल्या. पुनर्वाचन आणि ओळी रंगवणे खालच्या पायरीवर राहिले.

अर्थशास्त्रापुरते याचे रूप अगदी साधे आहे. तास झाला त्याच दिवशी वही मिटून कोऱ्या कागदावर त्या तासातली आकृती काढायची, अक्षांना नावे द्यायची आणि प्रत्येक वक्र तसा का आहे हे दोन वाक्यांत लिहायचे. मग वही उघडून चुका दुरुस्त करायच्या. दोन-तीन दिवसांनी त्याच संकल्पनेवरचे एक गणिती उदाहरण आणि एक प्रसंग सोडवायचा. आठवड्याच्या शेवटी चालू प्रकरण आणि मागची प्रकरणे यांतले प्रश्न मिसळून घ्यायचे. हे मिसळणे महत्त्वाचे आहे. लवचिकतेच्या प्रकरणाखालचे दहाही प्रश्न लवचिकतेचेच असतात, त्यामुळे कोणती संकल्पना लावायची हा निर्णय विद्यार्थ्याला कधी घ्यावाच लागत नाही. परीक्षेत मात्र सर्वांत आधी तोच घ्यावा लागतो. जुन्या प्रश्नपत्रिकांचा खरा उपयोग येथे आहे. त्यांतून ‘इम्पॉर्टंट’ प्रश्नांची यादी काढून तेवढेच पाठ करण्याने एखादे सत्र निभावते, पण त्यावर उभ्या असलेल्या पुढच्या सत्राचा पाया कच्चा राहतो आणि एटीकेटीचे ओझे बहुधा तिथूनच सुरू होते.

तासाला हजर राहण्याने फरक पडतो का, हा प्रश्न अर्थतज्ज्ञांनी स्वतःच्याच वर्गांवर तपासला आहे. डेव्हिड रोमर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या तीन संस्थांमधली अर्थशास्त्राची हजेरी मोजली, तेव्हा सरासरी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी गैरहजर होते. नियमित येणारे आणि क्वचित येणारे यांच्या निकालात जवळजवळ पूर्ण एका श्रेणीचा फरक होता. यावरून हजेरी सक्तीची करावी असा निष्कर्ष लगेच काढणे बरोबर नाही. नियमित येणारा विद्यार्थी मुळातच अधिक कष्टाळू असू शकतो आणि त्याचे गुण त्या कष्टांचे असू शकतात. सहसंबंध आणि कार्यकारण यांतला हा भेद विद्यार्थ्याला पुढे सांख्यिकीत शिकायचा असतोच. पुढे डॅनियल मारबर्गर यांनी कोणत्या दिवशी कोण गैरहजर होता ते नोंदवून पाहिले, तेव्हा ज्या दिवसाचा तास चुकला त्याच दिवशी शिकवलेल्या भागावरचे प्रश्न चुकण्याची शक्यता वाढलेली आढळली. हा पुरावा बराच बळकट आहे. पण तासात फळ्यावरून नोट्स उतरवण्यापलीकडे काही घडत नसेल, तर मित्राच्या वहीचे फोटो मोबाइलवर घेऊन घरी बसणाऱ्याला दोष देता येत नाही.

तासात काय घडू शकते, याचा एक जुना आणि उत्तम नमुना आहे. हार्वर्डमध्ये एडवर्ड चेंबरलिन यांनी वर्गातच एक बाजार भरवला आणि त्याचा वृत्तान्त १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. काही विद्यार्थी खरेदीदार, काही विक्रेते. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, तिच्यावर खरेदीदाराची कमाल किंवा विक्रेत्याची किमान किंमत. खोलीभर फिरून जोड्या जमवत सौदे करायचे. सौदे समतोल किमतीपासून बरेच हटून झाले आणि चेंबरलिन यांना त्यात पूर्ण स्पर्धेच्या सिद्धांताची मर्यादा दिसली. नंतर चेंबरलिन यांच्या वर्गात विद्यार्थी असलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे स्वतः शिकवताना दोन बदल केले: बोली सर्वांना ऐकू येईल अशी मोठ्याने लावायची आणि तोच बाजार अनेक फेऱ्यांत पुन्हा भरवायचा. आता किमती फेरीगणिक समतोलाकडे सरकू लागल्या. प्रायोगिक अर्थशास्त्राची ही सुरुवात होती. स्मिथ यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा प्रयोग कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयात वहीच्या कागदाच्या बारा चिठ्ठ्यांवर होतो. सहा खरेदीदारांना ५०, ४५, ४०, ३५, ३० आणि २५ रुपयांच्या, सहा विक्रेत्यांना १०, १५, २०, २५, ३० आणि ३५ रुपयांच्या चिठ्ठ्या द्याव्यात. उरलेल्या वर्गाने सौद्यांची नोंद फळ्यावर ठेवावी. तीन-चार फेऱ्यांत भाव ३० च्या आसपास स्थिरावू लागतो, आणि मगच चिठ्ठ्या उतरत्या-चढत्या क्रमाने लावून मागणी-पुरवठ्याचे वक्र काढावेत. २५ रुपयांवर अडून बसलेला खरेदीदार आणि ३५ रुपयांखाली न उतरणारा विक्रेता रिकाम्या हाताने का परतले, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे. वक्र आधी आणि बाजार नंतर या नेहमीच्या क्रमापेक्षा हा उलटा क्रम कितीतरी अधिक पटतो. पुढच्या फेरीत कमाल किंमत २० रुपये ठरवून दिली की टंचाई म्हणजे काय हेही उघड होते: विकायला तिघेच पुढे येतात आणि घ्यायला सहाही तयार असतात.

विद्यार्थी काय शिकेल हे शेवटी प्रश्नपत्रिका ठरवते, याबद्दल शिक्षकांत फारसे दुमत नसावे. ‘मागणीची लवचिकता म्हणजे काय ते सांगून तिचे प्रकार स्पष्ट करा’ असे प्रश्न वर्षानुवर्षे येत राहिले तर विद्यार्थ्याने उदाहरणे सोडवण्यात वेळ का घालवावा? अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालयाच्या हातात असते आणि खरा वाव तेथे आहे. सत्राच्या मध्यावर एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा दर आठवड्याला दहा मिनिटांत तीन प्रश्न घेणे जास्त उपयोगाचे, मात्र त्यांची उत्तरे पुढच्याच तासाला चर्चेत यायला हवीत. शंभर-सव्वाशेच्या वर्गात प्रत्येक पेपर शिक्षकाने तपासणे अशक्य असते; शेजाऱ्याशी कागद बदलून नमुना उत्तरावरून तपासले तरी चालते, आणि दुसऱ्याची चूक शोधताना स्वतःची सापडते. महिनाभराने हातात पडलेल्या ‘२० पैकी ११’ या आकड्याने काहीच शिकवले जात नाही.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी वाणिज्य शाखेत अनेक ठिकाणी इंग्रजीतून शिकू लागतो आणि त्याची समजूत शब्दांपाशी अडखळते. दोन्ही भाषांतल्या संज्ञांची एक वही पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि युक्तिवाद आधी मराठीत तोंडी मांडून मग हव्या त्या भाषेत लिहावा, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

विषयाबद्दलची ओढ हा घटक गुणांच्या चर्चेत मागे पडतो. २००८ च्या आर्थिक संकटानंतर ब्रिटनमधल्या मँचेस्टर विद्यापीठासारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांनीच तक्रार केली की, वर्गात शिकवले जाणारे अर्थशास्त्र बाहेर चाललेल्या घडामोडींबद्दल काही सांगत नाही. सॅम्युएल बोल्स, वेंडी कार्लिन आणि इतरांनी तयार केलेले ‘द इकॉनॉमी’ हे मोफत पाठ्यपुस्तक २०१७ मध्ये आले. विषमता आणि वाढ यांसारख्या प्रश्नांपासून ते सुरू होते आणि साधने त्या प्रश्नांच्या ओघात शिकवते. महाराष्ट्राकडे अशा प्रश्नांची आणि त्यांवरच्या विचारांची स्वतःची परंपरा आहे. १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान जमीनधारणांवर लिहिलेला निबंध पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज झेपतो. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि श्रम लावले आहेत यावर ठरते. शेतीवर अडकलेले जादा श्रम उद्योगांकडे वळल्याशिवाय तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, असा तो युक्तिवाद आहे. उत्पादन घटकांच्या प्रमाणाचे प्रकरण शिकताना हा निबंध शेजारी ठेवला तर सिद्धांत कशासाठी असतो ते कळते. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचे मोजमाप कसे केले, १९७२ च्या दुष्काळातल्या अनुभवानंतर रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये कसा झाला, बचत गटांत व्याजाचा दर कसा ठरतो, उसाला रास्त आणि किफायतशीर दर दिल्याने कारखान्यांवर काय परिणाम होतो, यांतला प्रत्येक प्रश्न पहिल्या वर्षाच्या साधनांनी निदान अर्धा तरी सोडवता येतो. पुण्याच्या गोखले संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या काळात शहरांची आणि खेड्यांची पाहणी करून अर्थशास्त्र उभे केले. आपल्या गल्लीतल्या वीस घरांचा किराणा खर्च विचारून त्याचा निर्देशांक काढणे ही त्याच वाटेवरची छोटी पायरी आहे.

या सर्व उपायांना वेळ लागतो आणि वेळ सर्वांकडे सारखा नसतो. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत आलेल्याचे सुरुवातीचे तास बुडालेले असतात आणि नेमके त्याच तासांत मागणी-पुरवठा होऊन गेलेला असतो. पहिले सत्र गणेशोत्सव आणि नवरात्र यांच्या सुट्यांतून वाट काढत दिवाळीपर्यंत पोहोचते, तेव्हा परीक्षा दारात असते. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर दुकानात काम करणारा, एस.टी.ने रोज दोन तास प्रवास करणारा, घरातला पहिलाच पदवीचा विद्यार्थी असलेला, या सगळ्यांना ‘जास्त अभ्यास करा’ हा सल्ला पोहोचत नाही. त्यांच्यासाठी आहे त्याच वेळेचा वापर बदलणे हाच मार्ग आहे, आणि म्हणूनच आठवणीतून आकृती काढण्याची दहा मिनिटे मोलाची ठरतात, ती एस.टी.तही होतात. उशिरा आलेल्यांसाठी पहिल्या तीन आठवड्यांच्या भागावर एक जोडवर्ग घेणे आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून चार-पाच जणांच्या गटात उदाहरणे सोडवून घेणे ही महाविद्यालयाने करण्याची कामे आहेत. विद्यार्थ्याच्या चिकाटीवर सोडून देण्याची ती नव्हेत.

सुधारणा झाली की नाही हे उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून कळत नाही, कारण सोप्या प्रश्नपत्रिकेने ती एका सत्रात वाढवता येते. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यात वीस प्रश्नांची एक चाचणी घ्यावी, तिच्यात टक्केवारी, उतार, वक्राचे सरकणे, संधी खर्च आणि सरासरी-सीमान्त या जागांवर प्रश्न असावेत आणि तिचे गुण निकालात धरू नयेत. सत्राच्या शेवटी त्याच धर्तीचे, पण वेगळ्या आकड्यांचे आणि प्रसंगांचे वीस प्रश्न द्यावेत. वर्गाच्या सरासरीबरोबरच सुरुवातीला सर्वांत मागे असलेल्या तिसऱ्या हिश्शाचे काय झाले, हे वेगळे पाहावे. एकूण सरासरी वर जाऊनही तो हिस्सा जागचा हललेला नाही, असे होऊ शकते. कोणता प्रश्न दोन्ही वेळा सर्वाधिक चुकला त्यावरून पुढच्या वर्षी कोणत्या प्रकरणाला जास्त तास द्यायचे ते ठरते. आणि हीच चाचणी दुसऱ्या वर्षाच्या आरंभी पुन्हा घेतली, तर पहिल्या वर्षातले किती टिकले याचाही अंदाज येतो.